उन्हाळ्यातल्या दुपारचे डाव: आपापल्या घरचे नियम इथे लिहून ठेवूया

महालातली

नागपूरचा मे महिना ज्यांनी लहानपणी काढला आहे त्यांना दुपारचे अकरा ते पाच म्हणजे काय ते सांगायला नको. 23 मे 2013 ला इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता. त्याच्या कितीतरी आधी, असले आकडे न बघताच, आमच्या आजीने नियम करून ठेवला होता: ऊन चढलं की दाराला कडी, आणि ती निघणार संध्याकाळी अंगणात सडा टाकायच्या वेळी. आत्या माहेरपणाला आलेल्या, त्यांची मुलं, आम्ही चुलत भावंडं, घरात नुसते पोट्टेच पोट्टे. एवढ्या सगळ्यांना दुपारभर एका छताखाली ठेवायचं तर पत्ते आणि पट यांच्याशिवाय दुसरं होतंच काय?

मधल्या खोलीच्या खिडकीला वाळ्याचा पडदा असायचा आणि त्यावर पाणी मारायचं काम पाळीपाळीने. पुढे कूलर आला तेव्हा वेगळीच अडचण झाली. बदाम सातला पानं जमिनीवर मांडावी लागतात आणि कूलरचा झोत सरळ त्यांच्यावरच. मग इस्पिक, बदाम, चौकट, किलवर अशा चारही रांगांवर एकेक सागरगोटा ठेवायचो. दुपारी आमरस झालेला असायचा, हात कितीही धुतले तरी पानं चिकटायची, म्हणून त्यांना टाल्कम पावडर चोळून पिसायचो. त्या पत्त्यांच्या कॅटचा वास मला आजही ओळखता येईल.

हा धागा काढायला एक कारण झालं. माझी भाची सुट्टीत आली होती. तिला अष्टाचंगा शिकायचा होता. मी खडूने पट आखला, कवड्या काढल्या आणि अर्ध्यात अडले, म्हणून आत्याला फोन लावला. आत्या ऐंशीच्या पुढची आहे. तिने एका दमात सगळं सांगितलं, वर "अगं, हे तुला कोणी शिकवलं नाही का?" असंही विचारलं. विकतच्या ल्यूडोच्या डब्यात नियमांचा कागद तरी असतो. फरशीवर आखलेल्या पटाचे नियम घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यातच आहेत. तेव्हा आठवणी तर लिहाच, पण सोबत नियमही लिहा. एकाचे दुसऱ्याशी जुळले नाहीत तरी जसेच्या तसे लिहा.

सुरुवात माझ्यापासून. पाच बाय पाच, म्हणजे पंचवीस घरं. चारही बाजूंच्या मधल्या घरात फुली आणि अगदी मधल्या घरात एक फुली. चार खेळणारे, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, आपापल्या बाजूच्या फुलीवर. चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितकं दान. चारही उताण्या म्हणजे चंगा, चार घरं. चारही पालथ्या म्हणजे अष्टा, आठ घरं. चंगा किंवा अष्टा पडला की परत दान. बाहेरची सोळा घरं उजव्या हाताने फिरायची, आतली आठ उलट दिशेने, आणि मग मधल्या घरात. फुलीवर बसलेल्या सोंगटीला कोणी मारू शकत नाही. आणि मुख्य म्हणजे, कोणाची तरी एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या रांगेत शिरता येत नाही.

या शेवटच्या नियमामुळे लहान मुलं फार रडकुंडीला यायची. बाहेरच्या बाहेर फिरत राहायची. आजी काय करायची, तर घरातल्या सगळ्यात लहानाच्या पुढ्यात, बरोबर एक किंवा दोन घरांवर, आपली सोंगटी उघडी ठेवायची. पोराने मारली की "मेली बाई माझी!" म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडायची की मारणाऱ्याला स्वर्ग दोन बोटं उरायचा. मीही तिची सोंगटी अशीच मारली होती आणि कितीतरी वर्षं ते माझंच कौशल्य समजत होते. धाकट्या भावाच्या वेळी तिचा हात कवड्यांवरून सोंगटीकडे जाताना थांबला, तिने घरं मोजली आणि मुद्दाम दुसरी सोंगटी पुढे सरकवली, ते मी पाहिलं. त्या दिवशी मला खेळ कळला.

तर्रीपोहे

काय धागा काढला ताई तुम्ही! आमचं घर सक्करदऱ्याला, पण सुट्टीत आम्ही सारे पोट्टे उमरेडकडं, आजीच्या गावाले. तिथं कवड्या नव्हत्या. चिंचोके घ्याचे आणि अंगणातल्या दगडावर घासत बसाचं, एका बाजूनं पांढरे होतपर्यंत. एक बाजू काळी, एक पांढरी. पांढरी वर आली ते मोजाचं. चांगले घासलेले चिंचोके मोठा भाऊ आपल्या बंडीच्या खिशात ठेवे, कोणाले देत नसे. सोंगट्या म्हणजे एकाच्या तुरीच्या काड्या, एकाचे खडे, एकाच्या बांगडीच्या काचा, एकाच्या सीताफळाच्या बिया.

आमच्याकडे तुमच्याहून एक नियम जास्त. दोन सोंगट्या एकाच घरात आल्या की त्यांची जोड झाली. जोडीले एकटी सोंगटी मारू शकत नाही, जोडीले जोडच मारते. आबाजी जोड घेऊनच चालत. दिवसभर वावरात राहून आलेला माणूस, पाय धुतले की सरळ पटावर. त्यायले कोणी जेवायले बोलावलं तरी "हा डाव होऊ दे" म्हणत. तीन पिढ्या एका पटाभोवती टोंगळे मोडून बसलेल्या, कंदिलाच्या उजेडात. मामी चूल सोडून येत आणि उभ्याउभ्याच कोणाची तरी चाल सांगून जात. ज्याले सांगितली तो जिंके, म्हणून सारेच मामीच्या बाजूले सरकून बसत.

माझ्या पोरीनं चिंचोके पाहिलेच नव्हते. मागच्या उन्हाळ्यात घासून दिले. आता रोज मागते.

रेशीमबागकर

पत्त्यांचं लिहितो. आमच्याकडे मेंढीकोट. चौघे, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकी तेरा पानं. दहा नंबरची चार पानं म्हणजे मेंढ्या. ज्या जोडीला तीन मेंढ्या मिळाल्या ती जिंकली, दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले, चारही मेंढ्या आल्या तर कोट, आणि तेराही हात एकाच जोडीला गेले तर बावन्नपत्ती. बावन्नपत्ती चढली की हरलेल्या जोडीने सगळ्यांना लिंबाचं सरबत करून द्यायचं. पैसे लावायला सक्त मनाई. हिशेब चिंचोक्यांत.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. माझे आजोबा फार कडक. रेल्वेत नोकरी, घरात आवाज त्यांचाच. आई त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊनच यायची आणि काही विचारायचं असलं तर आजीमार्फत विचारायची. हे सगळ्या घरात होतं, आमच्याच घरात होतं असं नाही. एका उन्हाळ्यात भिडू कमी पडला आणि आजीने आईला बसवलं. पानं कापून भिडू ठरवायचे अशी पद्धत होती. मोठी पानं निघालेले दोघे एका बाजूला. आई आणि आजोबा एका बाजूला आले.

पहिले दोन-तीन डाव आईने नुसती पानं टाकली. मग एका डावात आजोबांनी बदामाची उतारी केली तेव्हा तिने मान वर न करता म्हटलं, "मामंजी, बदाम नका. काकांकडे संपलाय, ते कापतील." खोलीत एकदम शांतता. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, टाकलेलं पान तसंच राहू दिलं, कारण टाकलेलं पान उचलायचं नाही हा त्यांचाच नियम. काकांनी खरंच हुकूम टाकून हात नेला, मेंढीसकट. पुढच्या डावाला आजोबांनी पानं उचलली आणि आधी आईला विचारलं, "सांग, काय उतरू?" आम्ही पोरं हसलो, तेव्हा बाबांनी दटावलं. खरं तर भिडूने भिडूला असं काही सांगणंही नियमात बसत नाही, पण त्या दिवसापासून त्या जोडीला ती सवलत घरातल्या सगळ्यांनी देऊन टाकली.

त्यानंतर वर्षानुवर्षं त्या दोघांची जोडी ठरलेली. पानं कापणं बंद झालं. पत्त्यांत आई त्यांना टोकायची, चुकलात म्हणायची, आणि ते ऐकून घ्यायचे. हळूहळू ते पत्त्यांबाहेरही यायला लागलं. माझ्या बहिणीला मुंबईला शिकायला पाठवायचं की नाही यावर घरात खल चालला होता तेव्हा आजोबांनी सगळ्यांसमोर आईला विचारलं, "तुझं काय म्हणणं?" मला ते पत्त्यांचंच वाक्य वाटलं. आज बहीण डॉक्टर आहे.

इतवारीवाला

रेशीमबागकर, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या गल्लीत मारवाडी, गुजराती, हिंदी बोलणारे, सगळेच. तुमच्या मेंढीकोटला शेजारचे दहला पकड म्हणत आणि दोन्हीकडची पोरं मिसळून खेळत.

एक विचारायचं आहे. तुमच्यात हुकूम कसा ठरे? आमच्या घरी बंद हुकूम. वाटणाऱ्याच्या उजव्या हाताचा एक पान पालथं बाजूला ठेवतो. कोणाकडे उतरलेला रंग नसला की तो "हुकूम उघडा" म्हणतो, मग ते पान उघडायचं. शेजारी मात्र कट हुकूम खेळत. पहिल्यांदा ज्याच्याकडे रंग नाही, तो जे पान टाकेल तोच हुकूम. माझ्या मते बंद हुकुमात जास्त डोकं लागतं, कारण लपवणाऱ्याच्या चालीवरून हुकूम ओळखावा लागतो.

रेशीमबागकर

आमच्यात कट हुकूम. आणि मी त्याच्याच बाजूने बोलेन. बंद हुकुमात एकालाच माहिती असते. कटमध्ये घरातलं सगळ्यात लहान पोरही सगळ्यांचा हुकूम ठरवू शकतं. माझी चुलत बहीण सहा वर्षांची असताना तिने किलवरचा पंजा टाकला आणि अख्ख्या घराचा हुकूम किलवर झाला. ती आजही सांगते.

विदर्भएक्सप्रेस

मी लग्न होऊन मुंबईला आले. माहेर धरमपेठेत. लहानपणी गोंदियाहून निघणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसने आम्ही कोल्हापूरला आत्याकडे जायचो. एवढा मोठा प्रवास! दोन बर्थांच्या मधे पत्र्याची पेटी उभी करायची, त्यावर टॉवेल आणि त्यावर पाच-तीन-दोन. तिघांना पुरतो म्हणून प्रवासाला हाच बरा. आठपासून वरची सगळी पानं आणि इस्पिक-बदामाच्या दोन सत्त्या, अशी तीस. आधी पाच-पाच वाटायची, ज्याला पाच हात करायचे आहेत तो पाच पानांवरच हुकूम बोलतो, मग उरलेली पाच. वाटणाऱ्याला दोन हात, तिसऱ्याला तीन. ज्याचे ठरल्यापेक्षा जास्त झाले तो पुढच्या डावात कमी पडलेल्याची तेवढी पानं न बघता ओढतो आणि बदल्यात आपल्याला नकोशी देतो. एक्का ओढला गेला की होणारं दुःख मोठेपणीही तेवढंच होतं.

वर्ध्यापर्यंत आम्ही तिघं भावंडं असायचो. पुढे डब्यातले कोणी ना कोणी "आम्हालाही घ्या" म्हणत आणि मग झब्बू सुरू व्हायचा, कारण त्याला माणसांची मर्यादा नाही. आजी पुडाची वडी बांधून द्यायची. खेळणाऱ्यांत ती वाटली जायची.

अजनीकर

रेल्वे कॉलनीत वाढलो, त्यामुळे कॅरम. काळी दहा, पांढरी वीस, राणी पन्नास, आणि राणी घेतली की लगेच पुढच्याच फटक्याला कव्हर, म्हणजे आणखी एक सोंगटी घ्यायची. नसता राणी परत मधे. नंतर स्पर्धांत खेळायला लागलो तेव्हा कळलं की तिथे नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या अशी वाटणी असते आणि राणीचे तीनच गुण. घरचा खेळ मला जास्त आवडतो. त्यात चौघांपैकी कोणीही कोणतीही सोंगटी घेऊ शकतो.

बोरिक पावडर बर्डीवरून आणायची. पावसाळ्यात बोर्ड दमट व्हायचा, तो स्वयंपाकघरात भिंतीला उभा करून सुकवायचे बाबा. लोडशेडिंगच्या काळात बोर्डाच्या चार कोपऱ्यांबाहेर चार मेणबत्त्या लावून खेळलो आहोत.

भुलाबाईचाखाऊ

मी थोडं वेगळं लिहिते. आमच्या घरात पत्ते चालत नव्हते. आजोबांच्या भावाने जुगारात शेत घालवलं होतं, त्यामुळे पत्त्याचं पान उंबऱ्याच्या आत येता कामा नये असा दंडक. तुमच्या सगळ्यांच्या आठवणी वाचताना छान वाटतं, पण त्या भीतीलाही घरात जागा होती, ती मी बघितली आहे. त्या घरातल्या काकूंना पत्त्यांचा आवाज आला तरी उठून जाताना मी पाहिलं आहे.

आमच्याकडे म्हणून पट, पचिसीचा. कापडाचा, आजीने स्वतः शिवलेला. अधिकच्या चिन्हासारख्या चार पट्ट्या, एकेका पट्टीत तीन रांगा आठ-आठ घरांच्या, म्हणजे चोवीस. चारी मिळून शहाण्णव घरं. सहा कवड्या. सगळ्या पालथ्या पडल्या की पंचवीस, एकच उताणी पडली की दहा, बाकी जितक्या उताण्या तितकं दान. हा पट वर्षभर ट्रंकेत. निघायचा तो कोजागिरीला. त्या रात्री जागरण करायचं आणि सोंगट्या खेळायच्या ही जुनीच रीत आहे, त्यामुळे आजोबांचीही हरकत नसे.

विदर्भात मुलींचा भुलाबाईचा उत्सवही कोजागिरीलाच संपतो. आधी आम्हा मुलींची गाणी, मग झाकलेला डबा वाजवून खाऊ ओळखायचा. तो खाऊ ओळखणंही एक खेळच होता. आवाजावरून चिवडा की शेंगदाणे, आणि काहीच वाजलं नाही तर शिरा किंवा बर्फी. मग गच्चीवर आटीव दूध आणि पट. आजी एरवी वर्षभर सगळ्यांचं करत राहायची. त्या रात्री ती पटावरून उठत नसे, दूध आजोबा ओतून द्यायचे.

माझ्या मुलांना मी पत्ते शिकवले. पैसे न लावता. आईला आधी विचारलं होतं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "माझ्यासमोर खेळा म्हणजे झालं." आता तीच बदाम सात मागते.

प्यादेमात

बुद्धिबळाचं कोणीच लिहिलं नाही अजून, आणि नागपूरकरांनी तर लिहायलाच हवं! रौनक साधवानी 2019 मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, संकल्प गुप्ता 2021 मध्ये झाला, आणि 28 जुलै 2025 ला आपल्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीत पोरांनी पट खाली आणून मांडले होते.

माझा मुलगा तेव्हापासून क्लासला जातो. वडील सत्याहत्तरचे. त्यांनी आयुष्यभर देशी पद्धतीनेच बुद्धिबळ खेळलं. दोघे पहिल्यांदा समोर बसले तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला वाद. मुलगा प्यादं दोन घरं पुढे टाकतो, आबा म्हणतात, एकच. देशी खेळात पहिल्या चालीलाही प्यादं एकच घर जातं. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) नाही, त्याऐवजी राजाला शह मिळालेला नसेल तर डावात एकदा घोड्याची उडी घेता येते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते घर ज्या मोहऱ्याचं, तेच ते होणार. आपल्या मर्जीने वजीर नाही! समोरच्याचा राजा एकटा उरला तर बुर्जी, म्हणजे पुरी जीत नाही. आणि प्याद्याने मात केली तर तिचा मान सगळ्यात मोठा. माझं इथलं नावही त्यावरूनच.

मी त्यांना सांगितलं, एक डाव क्लासचा, एक डाव आबांचा. मुलाला आता देशी डाव जास्त आवडायला लागला आहे, कारण प्यादी हळू येतात आणि विचार करायला वेळ मिळतो. आबांनी त्याच्या वहीत नियम लिहून दिले आहेत, बारीक शाईच्या पेनाने, तारखेसकट. हा धागा वाचून ती पानं मी फोटो काढून ठेवली.

तर्रीपोहे

@प्यादेमात, राजाची घोडउडी आमचे आबाजीबी घेत! मले वाटे ते मनानंच करून राहिले. आज कळलं.

@महालातली, एक विचाराचं होतं. काल पोरीसोबत तुमच्या नियमानं खेळलो. बाहेरची रांग संपली की आत नेमकं कोणत्या घरातून वळाचं? आमच्या घरी मोठा भाऊ सांगे तिथून वळत होतो, आणि तो दरवेळी वेगळं सांगे.

महालातली

आत्याला आत्ताच फोन केला. ती म्हणाली: आपल्या फुलीवरून उजव्या हाताने निघालास की पूर्ण फेरी मारून फुलीच्या डाव्या बाजूच्या घरात येशील. तिथून फुलीवर परत चढायचं नाही, सरळ वरच्या घरात शिरायचं आणि आता उलट फिरायचं. आतली आठ घरं मोजत गेलं की आठवं बरोबर आपल्या फुलीच्या वर येतं, आणि तिथून एकाने मधलं घर. मधल्या घरात जायला दान नेमकंच पडलं पाहिजे, जास्त पडलं तर ती सोंगटी हलत नाही, दुसरी चालवावी.

तुमच्या जोडीच्या नियमाबद्दल तिला सांगितलं. म्हणाली, तोही लिहून घे. तिच्या सासरी, काटोलला, तसंच खेळत. तिथे चालणारे आणखी दोन नियम ती रविवारी सांगणार आहे. भाऊजींना विचारून सांगते म्हणाली, ते झोपले होते.